इंजिनाशिवायचे ‘जर’

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी सूर्य उगवू दिलेला नसतो. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘आरसा नसता तर’, ‘घड्याळे बंद पडली तर’ हे निबंध आपण सर्वांनी लिहिले आणि आता आपल्यापैकी काहीजण ते तपासतोही. त्यांची घडण ठरलेली असते. आरंभी लेखकाला पहाटे अंथरूण सोडवत नाही, मध्ये दोन-तीन परिच्छेद काळोखाची मौज चालते, मग काळोखाचे तोटे आठवू लागतात, आणि शेवटी आई हाक मारते व खिडकीतून कोवळे ऊन आत येते. दहापैकी सात गुण. या सगळ्या खटाटोपात सूर्य का उगवला नाही, हे विद्यार्थी सांगत नाही आणि परीक्षकही विचारत नाही.

पुढे महाविद्यालयात आल्यावर त्याच विद्यार्थ्याला बजावले जाते, की इतिहासात जर-तरला स्थान नसते. हे वाक्य भारदस्त आहे, पण फारसे खरे नाही. अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली म्हणून मराठ्यांची रसद तुटली, असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा ती ओलांडली नसती तर रसद तुटली नसती हे दुसरे विधान पहिल्याच्या पोटात असतेच. कार्यकारणभाव सांगणारा प्रत्येक इतिहासकार जर-तर वापरतो; फक्त तो ते उघडपणे कबूल करत नाही. तेव्हा जर-तर करावे की नाही हा वाद निरर्थक आहे. ते कसे करावे, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे शिक्षण आपल्याकडे कोणत्याही इयत्तेत मिळत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मला एका आडवाटेच्या छंदाचा उपयोग झाला. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत लढाऊ विमानांच्या, म्हणजे जेट युगाच्या आधीच्या, दट्ट्याच्या इंजिनावर आणि पुढच्या पंख्यावर चालणाऱ्या विमानांच्या, कधीच न बनलेल्या आवृत्त्या कल्पिणारे लोक जगात आहेत. याक, लावोच्किन, मिग, पोलिकार्पोव ही त्यांची दैवते. कोणी त्यांची आराखड्यासारखी चित्रे काढतो, कोणी प्लॅस्टिकच्या प्रतिकृती कापून-जोडून नवेच विमान तयार करतो. ‘याक-३ ला दुप्पट ताकदीचे इंजिन मिळाले असते तर?’ ‘आय-१८५ कारखान्यात गेले असते तर?’ युद्ध १९४६ पर्यंत लांबले असते तर, या गृहीतावर रचलेला ‘इल-२ स्टर्मोव्हिक : १९४६’ हा संगणकावरील खेळही निघाला होता. साहित्याच्या अभ्यासकाने याकडे पोरखेळ म्हणून दुर्लक्ष करावे अशीच अपेक्षा असणार. यातले पुष्कळसे पोरखेळच आहे. न उडालेल्या विमानावर चकचकीत लाल तारा रंगवण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. परंतु जे चांगले आहे, त्यात कल्पनेची अशी शिस्त दिसते, की आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांनी ती जरूर पाहावी.

विमाने सोव्हिएतच का? मला वाटते, तिथे प्रत्येक ‘जर’ला ताबडतोब धक्का बसतो म्हणून. जर्मन आक्रमणात झापोरोझ्येचा अॅल्युमिनियम कारखाना गेला. धातू दुर्मिळ, म्हणून विमाने मोठ्या प्रमाणावर लाकूड, प्लायवूड आणि पोलादी नळ्यांची. लाग्ग-३ या विमानात तर राळेत मुरवून दाबलेल्या भूर्जाच्या लाकडाचे भाग होते. इंजिनांची घराणी मोजून तीन. क्लिमोव यांचे, ज्याचे मूळ फ्रेंच हिस्पानो-सुइझामध्ये, मिकुलिन यांचे, आणि श्वेत्सोव यांचे हवेने थंड होणारे, सिलिंडरांची वर्तुळाकार मांडणी असलेले, ज्याचे मूळ अमेरिकन राइट सायक्लोनमध्ये. कल्पना कितीही भरारी मारो, या तिघांपैकी एकाच्या दारात तिला उतरावेच लागते.

लाग्ग-३ ची कथा पाहण्यासारखी आहे. लावोच्किन, गोर्बुनोव आणि गुद्कोव या तिघांच्या नावांची आद्याक्षरे त्या नावात आहेत. विमान जड होते आणि क्लिमोवचे इंजिन त्याला पुरे पडत नव्हते. वैमानिकांनी त्याच आद्याक्षरांतून ‘रोगण लावलेली हमखास शवपेटी’ असा अर्थ काढला होता, असे सांगतात. सैनिकी विनोद सर्वत्र सारखाच. १९४१-४२ च्या हिवाळ्यात गोर्कीच्या कारखान्यातून ते विमान बंद करून तिथे याकोव्लेव यांचे विमान बनवण्याचा निर्णय झाला. म्हणजे लावोच्किन यांच्या पायाखालची जमीनच सरकली. दुसऱ्या बाजूला श्वेत्सोव यांचे एम-८२ हे नवे, सुमारे १,७०० अश्वशक्तीचे इंजिन तयार होते आणि त्याला पुरेशी विमाने नव्हती. निरुपयोगी विमान आणि बिनकामाचे इंजिन यांची गाठ घालण्याचा तो प्रयत्न होता.

गाठ घालणे सोपे नव्हते. नवे इंजिन जुन्यापेक्षा सुमारे २५० किलोग्रॅम जड आणि कितीतरी रुंद. अरुंद लाकडी धडाला गोल नाक कसे जोडायचे? धडाच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडची जादा कवचे चढवून लंबगोलाचा गोल केला गेला. जुन्या इंजिनात तोफ पंख्याच्या मधोमध आसातून गोळा सोडत असे. वर्तुळाकार इंजिनात तशी जागाच नाही. मग नाकावर दोन तोफा, पंख्याच्या पात्यांमधून गोळा जाईल अशा जुळणीने बसवल्या. इंजिनाची उष्णता वैमानिकाच्या पायाशी येऊ लागली. पुष्कळ वैमानिक वरची काच उघडी ठेवून उडत. ला-५ नावाचे हे विमान मार्च १९४२ मध्ये प्रथम उडाले आणि त्याच वर्षी स्टालिनग्राडच्या आकाशात लढले. (आमच्या बदलापूरचे नाव शिवकालात इथे घोडे बदलत असत म्हणून पडले, असे लोक सांगतात. व्युत्पत्तीची खात्री मी देत नाही. पण लढाईच्या ऐन मध्यात घोडा बदलला की खोगीर, लगाम आणि स्वाराची मांड हे सगळेच बदलावे लागते.)

त्याच स्टालिनग्राडवर अण्णा भाऊ साठे यांनी पोवाडा रचला, तेव्हा त्यांनी रशिया पाहिलेला नव्हता. ते तिथे गेले १९६१ साली. मुंबईच्या कामगारवस्तीतून त्यांनी ते शहर उभे केले ते कल्पनेच्या जोरावर. पण ती कल्पना घडणाऱ्या घटनेच्या मागोमाग चालणारी होती. न घडलेल्याची कल्पना ही वेगळी जात आहे, आणि तिथे आपली मराठी परंपरा मला दुबळी वाटते.

ला-५ ची न घडलेली बाजू अशी. तिघांपैकी गुद्कोव यांनी सु-२ या विमानावरची इंजिनाची बांधणी उचलून, तेच एम-८२ लाग्गच्या धडाला बसवून १९४१ च्या सप्टेंबरातच उडवले होते. जर त्यांचेच विमान मंजूर झाले असते तर? छांदिष्ट माणूस इथे चित्र काढायला बसतो, आणि चांगला छांदिष्ट पेन्सिल खाली ठेवतो. कारण पुढचे प्रश्न चित्राचे नसतात. ऑक्टोबर १९४१ मध्ये मॉस्कोभोवतीचे कारखाने उखडून पूर्वेला नेले जात होते, तेव्हा नवे विमान कोणता कारखाना घेणार? तिथे सध्या चाललेले कोणते विमान थांबणार? ते थांबल्याने त्या हिवाळ्यात किती विमाने कमी पडणार? मिग-३ चे उदाहरण समोर आहेच. उंचावर ते वेगवान होते, तीन हजारांहून अधिक बनले. पण त्याचे इंजिन ज्या कारखान्यात होई, तिथेच इल-२ या हल्ला-विमानाचे इंजिन होत असे. रणांगण इल-२ मागत होते. मिग-३ चे उत्पादन संपले, त्यात मिगचा दोष थोडाच होता. आज ज्या अक्षरांची विमाने ओझरच्या कारखान्यात बनली म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या लहान मुलालाही ‘मिग’ शब्द ठाऊक आहे, त्या मिकोयान-गुरेविच यांच्या संस्थेला तेव्हा दुसऱ्याच्या इंजिनाला जागा करून द्यावी लागली.

आणि पोलिकार्पोव. १९२९ मध्ये अटक, मृत्युदंडाची शिक्षा, तुरुंगातच विमानाची रचना करून झालेली सुटका, नंतर देशातील लढाऊ विमानांचा प्रमुख रचनाकार, आणि मग उतरती कळा. त्यांच्या आय-१८० वर १५ डिसेंबर १९३८ रोजी चकालोव हा सर्व देशाचा लाडका वैमानिक मरण पावला. पुढचे आय-१८५ हे विमान चाचण्यांत ताशी सुमारे ६८० किलोमीटर वेगाने गेले. १९४२ साली त्या देशात याच्या तोडीचे काही नव्हते. ते कारखान्यात गेले नाही. ‘आय-१८५ बनले असते तर’ हा या छंदातला सर्वांत लाडका विषय आहे, आणि त्याला शोककथेची लय सहज लागते: प्रतिभावंत रचनाकार, दरबारी कारस्थान, हुकलेले यश. कारस्थान होते की नव्हते यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या विमानाचा वेग एम-७१ नावाच्या इंजिनावर उभा होता आणि ते इंजिन कच्चे होते. ५ एप्रिल १९४३ रोजी हवेत इंजिन बंद पडले आणि स्तेपान्चोनोक हा चाचणी-वैमानिक ठार झाला. पोलिकार्पोव १९४४ च्या जुलैत वारले. आय-१८५ ची हजारो विमाने कल्पिणाऱ्याने हजारो कच्ची इंजिनेही कल्पिली पाहिजेत, आणि त्यांच्या मागे बसलेली माणसेही. बहुतेक चित्रांत वैमानिकाची जागा रिकामी असते, हे मला या छंदाचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

इथे पानिपताकडे वळतो, कारण मराठी मनाचे आय-१८५ तेच आहे. ‘विश्वासरावांना गोळी लागली नसती तर’ हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या उच्चारत आलो आहोत. या ‘जर’ची भूक किती खरी होती, याचा पुरावा म्हणजे भाऊसाहेबांचा तोतया. पानिपतावर भाऊ पडलाच नाही, असे मानायला माणसे इतकी आतुर होती, की कनोजकडचा एक माणूस भाऊ म्हणून उभा राहिला, कोकणात त्याने मुलूख घेतला, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन देईपर्यंत पुणे दरबाराला स्वस्थता नव्हती. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ या नाटकाला तोच विषय घेतला. पर्यायी इतिहासाची एवढी मोठी किंमत जगात फार थोड्या राज्यांनी मोजली असेल. तोतया म्हणजे ‘जर’ला हातपाय फुटलेले. आणि त्याला मानणाऱ्यांपैकी कोणीही, भाऊ वाचला असता तर गेल्या पंधरा वर्षांत तो कुठे होता आणि काय खात होता, हे विचारायला तयार नव्हता.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा या बाबतीत आपल्याकडचा सन्माननीय अपवाद आहे. गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि दुसरा इतिहास सुरू होतो. नारळीकर तिथे थांबत नाहीत. मराठे जिंकले तर कंपनी सरकारचे काय होईल, मुंबई कशी दिसेल, ग्रंथालयात कोणते ग्रंथ असतील, याचा हिशेब ते मांडतात आणि दोन इतिहास शेजारी शेजारी कसे असू शकतील याला शास्त्रीय चौकटही देतात. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा त्यांच्या विज्ञानकथांवर लिहिणाऱ्यांनी या कथेचा उल्लेख केला. पण ती इतिहासकथा म्हणून कशी वाचावी, हे फारसे कोणी लिहिले नाही. माझा एक आक्षेप आहे आणि तो आदराने नोंदवतो. गोळी हे विमानाच्या नाकावरचे रंगकाम आहे. पानिपताचे इंजिन धान्य होते. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली यमुनेच्या या काठावर आला, डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य छावणीबाहेर पडले ते उपाशी होते. गोळी चुकली तरी पोट रिकामेच. ‘गोविंदपंतांची रसद पोचत राहिली असती तर’ अशी कथा आपल्याकडे मला तरी भेटलेली नाही. ती लिहायची तर दुआबातल्या वसुलीचा, बैलांचा, छावणीतल्या बायकामुलांचा आणि यात्रेकरूंचा हिशेब मांडावा लागेल. त्यात वीररस फार नाही. पण मराठे तिथे जिंकू शकले असते की नाही, हे त्याच कथेतून कळेल.

इंजिनाचा हा मुद्दा केवळ उपमा म्हणून मी ताणत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. १९४२ साली सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला आणि पुढे कारखाना अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीकडे गेला. ‘वालचंदांच्या हाती कारखाना राहिला असता तर भारत तेव्हाच विमाने बनवता’ हे वाक्य आपल्या औद्योगिक अभिमानाच्या लेखनात वेगवेगळ्या रूपांत येते. बंगळुरास जुळणी झालेल्या कर्टिस हॉक या लढाऊ विमानाचे इंजिन राइट सायक्लोन होते. सोव्हिएत संघाने त्याच सायक्लोनचा परवाना १९३३ मध्ये घेतला, पर्म येथे कारखाना उभारला, आणि श्वेत्सोव यांनी त्यावर आठ-नऊ वर्षे घासून त्यातून एम-८२ काढले. आपल्याकडे ते इंजिन पेटीतून आले आणि विमानाला बसले. म्हणून वालचंदांचा ‘जर’ खरा करायचा असेल, तर तो १९४२ मध्ये सुरू करून भागत नाही. तो दहा वर्षे मागे, एखाद्या ओतशाळेत सुरू करावा लागतो. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले पुष्कळ कारागीर कुळगावात राहतात. त्यांच्यापैकी एकाजवळ मी हा विषय काढला, तेव्हा त्यांनी वालचंदांबद्दल एक शब्दही न बोलता विचारले, “बेअरिंग कुठून आणणार होते?” ऐतिहासिक कादंबरीच्या परीक्षणात मला असा प्रश्न वाचायला मिळालेला नाही. गमतीची गोष्ट अशी, की ला-५ ज्याच्याशी लढले त्या फोके-वुल्फ १९० चा रचनाकार कुर्ट टांक पुढे याच बंगळुरास आला, त्याने मारुत हे जेट विमान रचले, १७ जून १९६१ रोजी ते उडाले, आणि त्याचीही गाडी मनाजोगते इंजिन न मिळाल्यामुळेच अडली.

आता एक ‘जर’ घराजवळचा. कुळगावातून काटईच्या रस्त्याने निघाले, की अंबरनाथ ओलांडल्यावर नेवाळी लागते. तिथे मलंगगडाच्या परिसरात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने सोळाशेहून अधिक एकर जमीन घेऊन विमानांसाठी धावपट्टी बांधली. व्होल्गेच्या काठी लाकडी विमाने लढत होती त्याच वर्षांच्या आसपासची ही गोष्ट. युद्ध संपले, विमाने गेली, धावपट्टीला भेगा पडल्या, आणि जमीन कसणाऱ्यांच्या पिढ्या त्या जमिनीवर भात घेत राहिल्या. कागदावर ती संरक्षण खात्याची. २०१७ मध्ये नौदलाने तिथे कुंपणाचे काम काढले. २२ जून रोजी आंदोलन पेटले, वाहने जळली, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडची माणसे जखमी झाली.

‘युद्ध संपताच जमीन परत दिली असती तर?’ हा प्रश्न या भागात सहज विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुधा निबंधातल्या सूर्यासारखे येते: भाताची खाचरे, सुखी घरे, मलंगगडावर ढग. विमानांच्या छांदिष्टाची शिस्त लावून पाहावी. १९४६ मध्ये जमीन परत मिळाली. १९४७ मध्ये शेजारच्या कल्याण कॅम्पात सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्याचे उल्हासनगर झाले. त्या शहराला भाजी, दूध, विटा, मजूर आणि जागा लागली. अंबरनाथला कारखाने आले, लोकल गाड्या वाढल्या. कुळगावची शेते ज्या वर्षांत इमारतींखाली गेली, त्याच वर्षांत नेवाळीची का गेली नसती? धावपट्टीने शेतकऱ्याची मालकी नेली आणि त्याच धावपट्टीने ती जमीन बिल्डरपासून राखली, असे म्हणणे क्रूर आहे, पण हिशेब तिकडेच जातो. अशा हिशेबाने संरक्षण खात्याची बाजू बळकट होते असे मला वाटत नाही. परत मिळालेल्या जमिनीवर आज कदाचित सात मजली इमारती असत्या. पण कुळगावात ज्यांनी जमिनी विकल्या त्यांनी निदान भाव केला होता, काहींनी एक गुंठा मागे ठेवला होता, काहींनी विकायचे नाकारले होते. नेवाळीच्या शेतकऱ्याला फसण्याचीसुद्धा संधी मिळाली नाही. खाचरे आणि ढग यांच्या चित्रात त्याची ही तक्रार कुठेच दिसत नाही.

आमच्या वर्गांत त्या गावांतली मुले असतात. त्यांना ‘नेवाळीची धावपट्टी झाली नसती तर’ असा विषय द्यावा, आणि उत्तरात सातबारा, १९४७ आणि लोकलचे वेळापत्रक आल्याशिवाय गुण देऊ नयेत, असे माझ्या मनात आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कल्पनाप्रधान निबंधाला जागा नाही, हे मला माहीत आहे.